मिरजेची जवारी

तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली घातलेला सुती धागा केसभर पुढेमागे केला तर तारेचा स्वर बदलत नाही, पण आवाज पार बदलतो. धागा नसताना तार छेडली की कोरडा, तुटका नाद येतो आणि लगेच विरतो. तोच धागा नेमक्या जागी आला की नाद उघडतो, लांबतो आणि एकाच तारेतून अनेक स्वर एकामागून एक वर येताना ऐकू येतात. या उघडलेल्या नादाला जवारी म्हणतात. घोडीच्या ज्या किंचित उतरत्या माथ्यावर ती घडते त्यालाही जवारीच म्हणतात, आणि तो माथा घासून सिद्ध करणे म्हणजे जवारी काढणे. सांगली जिल्ह्यातल्या मिरजेत सुमारे पावणेदोनशे वर्षे सतारी आणि तंबोरे बनत आले आहेत. भोपळा, लाकूड आणि तारा हा त्या धंद्याचा कच्चा माल. गावाचे नाव देशभर झाले ते मात्र जवारीमुळे, म्हणजे ऐकणाऱ्यांच्या कानाने दिलेल्या पसंतीमुळे.

गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षांना बसणारा विद्यार्थी सुरुवातीलाच नादाचे तीन गुण शिकतो: उच्चनीचता, लहानमोठेपणा आणि जाती. या परीक्षा घेणाऱ्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाचे कार्यालय मिरजेतच आहे. पहिले दोन गुण मोजायला सोपे. स्वर चढा की उतरा, मोठा की लहान, एवढाच प्रश्न असतो. जातीचे तसे नाही. षड्ज तोच आणि जोरही तोच असला तरी बंद दाराआड सारंगी वाजते आहे की पेटी, हे न बघता कळते ते जातीमुळे. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी १८६३ साली याचे कारण मांडले. कोणताही संगीतोपयोगी नाद एकटा नसतो. मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे उपस्वर वाजत असतात आणि त्यांतला कोणता किती जोराचा यावरून वाद्याचा आवाज ठरतो. पुढच्या शतकातल्या प्रयोगांनी यात दोन गोष्टींची भर घातली. एक म्हणजे नादाचा आरंभ. ध्वनिमुद्रित स्वराचा अगदी पहिला क्षण कापून उरलेला भाग ऐकवला तर जाणकारही वाद्ये ओळखताना चुकतात. दुसरी गोष्ट म्हणजे उपस्वरांचा जोर नाद चालू असताना कसा बदलत जातो ती. तंबोऱ्याची खरी ओळख या दुसऱ्या गोष्टीत आहे. मिरजेच्या कारागिरांनी ती कोणत्याही सूत्रावाचून, घासून आणि ऐकून साधली.

मिरज हे कृष्णेच्या खोऱ्यातले जुने ठाणे. पेशवाईत ते पटवर्धनांकडे आले आणि इंग्रजी अमलातही पटवर्धनांचे संस्थान म्हणून १९४८ पर्यंत टिकले. संस्थाने विलीन झाल्यावर १९४९ साली हा मुलूख दक्षिण सातारा या नव्या जिल्ह्यात गेला आणि १९६० साली त्याच जिल्ह्याचे नाव सांगली झाले. लढाऊ ठाणे म्हटले की शिकलगार आलेच. तलवारी, भाले, कट्यारी घासून त्यांना धार आणि चकाकी देणारा हा समाज. १८१८ साली पेशवाई बुडाली, फौजा मोडल्या आणि हत्यारांचे काम ओसरले. हाताला दुसरे काम शोधणे भाग होते. मिरजेच्या वाद्यधंद्याची परंपरा याच समाजातल्या फरीदसाहेबांपासून सांगितली जाते. उत्तरेकडून आलेल्या कलावंतांची वाद्ये मिरजेत नादुरुस्त झाली की ती दुरुस्त करायला जवळपास कोणी नसे. फरीदसाहेबांनी हे काम अंगावर घेतले आणि दुरुस्ती करता करता १८५० च्या सुमारास स्वतः वाद्य घडवले, असे त्यांच्या वंशजांत सांगतात. पुढे धंद्याचे नाव हेच घराण्याचे आडनाव झाले. मिरजेतली सतारमेकर गल्ली त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

या बदलामागे एक धागा दिसतो. शिकलगाराचे सारे कसब पृष्ठभागात असते. पात्याला धार लावताना किती घासायचे, कोणत्या कोनात घासायचे आणि कुठे थांबायचे, हे बोटाला कळावे लागते. जवारीचे कामही असेच, फरक इतकाच की तिथे निकाल कानाने घ्यायचा. कानस आणि पॉलिश ही दोन्ही त्यांच्या हातातलीच होती. फौजेसाठी कमावलेला हात संगीताच्या कामी आला, ही महाराष्ट्राच्या सांस्कृतिक इतिहासातली मोठी घटना मानली पाहिजे. तिला आजवर तेवढी जागा मिळालेली नाही.

तंबोऱ्याचे काम भोपळ्यापासून सुरू होते. हा खाण्याचा भोपळा नव्हे. जाड सालीचा, कडू जातीचा हा भोपळा पंढरपूरच्या परिसरात भीमेच्या काठाने पिकवला जातो. तो पूर्ण वाळल्यावर भिजवून, कापून, आतून साफ करून हव्या त्या आकारात आणतात. त्याला लाकडी गळा जोडतात, गळ्यावर पोकळ दांडी बसवतात आणि भोपळ्याच्या तोंडावर पातळ लाकडाची तबली चढवतात. दांडी-तबलीला तून जातीचे हलके, तांबूस लाकूड चालते. तबली फार जाड राहिली तर नाद दबतो आणि फार पातळ झाली तर तारांच्या ताणाने बसते, म्हणून कारागीर बोटाच्या पेराने टकटक करून जाडी पारखत जातो. मग खुंट्या, नक्षी, पॉलिश, तारा. स्वर बारीकसारीक मिळवण्यासाठी घोडीमागे तारांत मणी ओवलेले असतात. हे सगळे झाले की वाद्य बघायला पूर्ण दिसते, पण अजून ते बोलत नाही.

जवारीचे काम शेवटी आणि शांत वेळी करतात. घोडीचा माथा रुंद, जवळजवळ सपाट, पण पूर्ण सपाट नसतो. त्याला फार हलका उतार असतो. कारागीर तार छेडतो, ऐकतो, तार बाजूला सरकवतो, माथ्यावर कानस एकदोनदा फिरवतो, भुकटी पुसतो, तार परत जागेवर आणतो आणि पुन्हा ऐकतो. उतार जास्त झाला तर नाद बंद राहतो. कमी झाला तर तार माथ्यावर आपटत राहते आणि चरचर येते. एका तारेची जवारी लागली म्हणजे काम संपले असेही नाही. चारही तारांचा उघडेपणा सारखा हवा, नाहीतर तंबोरा छेडताना एक तार पुढे येते आणि बाकीच्या मागे पडतात. पंचमाची तार, षड्जाची मधली जोडी आणि खालच्या षड्जाची तार म्हणजे खर्ज, यांची जाडी वेगवेगळी, खर्जाची तार तर पितळेची. त्यामुळे प्रत्येकीखालचा माथा थोडा वेगळा घासावा लागतो. शेवटी धागा घालून जागा बघायची. चांगल्या कारागिराला वाद्य हातात घेतल्यावर कुठे किती काढायचे आहे हे आवाजावरून कळते. हे ज्ञान पुस्तकात उतरलेले नाही. ते बापाजवळ बसून, त्याने कानस कधी थांबवली ते ऐकत शिकायचे.

अशा कानाला गिऱ्हाईकही तसेच लागते, आणि मिरजेला ते मिळाले. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर (१८४९–१९२६) यांनी ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणली आणि बराच काळ मिरजेत विद्यादान केले. कुरुंदवाडच्या विष्णू दिगंबर पलुसकरांना लहानपणी फटाक्याने डोळ्यांना इजा झाली. उपचारासाठी ते मिरजेत आले आणि संस्थानिकांच्या आश्रयाने बुवांकडे गाणे शिकू लागले. १८९६ साली त्यांनी मिरज सोडली, १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि १९३१ साली त्यांचे निधन झाले ते मिरजेतच. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ यांनी तर मिरज हे आपले गाव केले. त्यांच्या कन्या हिराबाई बडोदेकर यांचा जन्म १९०५ साली मिरजेतच झाला. खाँसाहेबांचा सुरेलपणाचा हट्ट प्रसिद्ध आहे. वाद्ये ते स्वतः दुरुस्त करत, जवारीत स्वतः लक्ष घालत, असे त्यांच्या चरित्रकारांनी नोंदवले आहे. १९३७ साली दक्षिणेतल्या प्रवासात त्यांचे निधन झाले आणि दफन मिरजेला मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात झाले. तिथे उरुसात दरवर्षी त्यांच्या स्मरणार्थ गाणे होते. सतारमेकर गल्ली तिथून फार दूर नाही. वाद्य करणारा, ते वाजवणारा आणि दोघांचे ऐकणारा असे तिघेही एकाच गावात राहत होते, त्यामुळे कारागिराच्या कामावरचा अभिप्राय त्याला मैफिलीतच कळत असे.

हा श्रोतृवर्ग एकट्या मिरजेपुरता नव्हता. औंध संस्थानाची बहुतेक गावे आज सातारा आणि सांगली या जिल्ह्यांत विभागली आहेत, आणि खुद्द औंध साताऱ्याच्या खटाव तालुक्यात येते. तिथे अंतूबुवा जोशी दरबारगायक होते. त्यांनी १९४० साली औंधला जो संगीत महोत्सव सुरू केला तो आजही आश्विन वद्य पंचमीला भरतो. त्यांचे चिरंजीव गजाननबुवा गळ्यानेही गात आणि व्हायोलिनही वाजवत, दोन्हीही पहिल्या प्रतीचे. तीच गायकी, तीच मींड, तोच राग, पण नादाची जाती दोन. श्रोत्याच्या कानाची तालीम अशाच ऐकण्यातून होते. खेड्यातला माणूसही मग तंबोरा जुळतो आहे की नाही हे रस्त्यावरून सांगू लागतो.

तंबोरा नीट जुळल्याची जुनी खूण म्हणजे स्वयंभू गंधार. तंबोऱ्याच्या चार तारांत गंधाराची तार नसते. तरीही तारा चोख लागल्या आणि जवारी खुली असली की खर्ज छेडल्यानंतर थोड्या वेळाने गंधार स्पष्ट ऐकू येतो. हिशेब असा: काळी एक पट्टीत गाणाऱ्या पुरुषाच्या तंबोऱ्याचा खर्ज सेकंदाला सुमारे ६९ कंपनांचा असतो. त्याचे उपस्वर म्हणजे सुमारे १३९, २०८, २७७ आणि ३४६. यांतला १३९ हा मध्य षड्ज, २०८ पंचम, २७७ तार षड्ज आणि पाचपट कंपनांचा ३४६ हा गंधार. पेटीवरचा गंधार मात्र सुमारे ३४९ वर लावलेला असतो. दोन्ही एकदम वाजले तर सेकंदाला अडीच-तीन हेलकावे येतात, आणि तयार कानाला ते सहन होत नाहीत.

याच तीन कंपनांवरून या भागात एक मोठा वाद उभा राहिला. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर श्रुतींच्या, म्हणजे सप्तकातल्या सूक्ष्म स्वरस्थानांच्या, मोजणीचे काम हाती घेतले. गवयांच्या गळ्यातून, विशेषतः अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्यातून निघणारे स्वर त्यांनी तारेच्या लांबीवर ताडून पाहिले आणि १९१० साली बावीस श्रुतींवरचे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले. सनदी अधिकारी अर्नेस्ट क्लेमंट्स त्यांना येऊन मिळाले. क्लेमंट्स यांचे पुस्तक १९१३ साली आले, आणि शास्त्रशुद्ध श्रुती देणारी पेटीही तयार करवून घेण्यात आली. बडोद्याला १९१६ साली भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय संगीत परिषदेतही श्रुतींचा प्रश्न चर्चेत होता. देवलांचे निष्कर्ष सगळ्यांनी मान्य केले नाहीत. बावीस जागा ठामपणे नेमून देण्याची कल्पनाच अनेकांना पटली नाही. पण त्यांची पद्धत महत्त्वाची होती. त्यांनी ग्रंथातल्या श्लोकापेक्षा गवयाच्या गळ्याला पुरावा मानले.

जवारीचे शास्त्र याच सुमारास कलकत्त्यात मांडले गेले. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली तंबोरा आणि वीणा यांच्यावर एक निबंध प्रसिद्ध केला. तारेच्या कंपनांचा एक जुना नियम असा की तार ज्या बिंदूवर छेडली, त्या बिंदूवर स्थिर राहणारे उपस्वर निर्माण होत नाहीत. तार बरोबर मध्यावर छेडली तर दुप्पट कंपनांचा उपस्वर येता कामा नये. तंबोऱ्यावर तो येतो, आणि चांगला जोरात येतो. रामन यांनी याचे कारण घोडीत दाखवले. साध्या वाद्यात तार एका कडेवर टेकते. तंबोऱ्यात ती उतरत्या माथ्याला स्पर्शत राहते, त्यामुळे वर जाताना तिचा टेकू मागे सरकतो आणि खाली येताना पुढे येतो. क्षणाक्षणाला बदलणाऱ्या या स्पर्शातून मूळ कंपनाची शक्ती वरच्या उपस्वरांत वाटली जाते. धागा तारेला माथ्यापासून नेमका तेवढाच उचलून धरतो. सतारमेकर पिढ्यानपिढ्या कानाने जे करत होते त्याचा हा भौतिक खुलासा. नंतरच्या अभ्यासकांनी त्यात पुष्कळ तपशील भरला, पण पाया तोच राहिला.

ऐकणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर यातली सर्वांत लक्षणीय गोष्ट म्हणजे उपस्वर सुटे ऐकू येणे. एरवी कान उपस्वर वेगळे ऐकत नाही. जे उपस्वर एकाच क्षणी सुरू होतात आणि बरोबरीने कमीजास्त होतात, ते एकाच उगमाचे समजून कान त्यांची मोट बांधतो आणि एकच नाद ऐकतो. मैफिलीत गवई, पेटी, सारंगी आणि तबला एकदम चालू असूनही प्रत्येकाचा आवाज वेगळा राहतो तो या सवयीमुळेच. खुल्या जवारीचा तंबोरा या सवयीला छेद देतो. त्याचे उपस्वर एकाच वेळी शिगेला पोचत नाहीत. छेडल्यानंतर एकेक वर येतो आणि ओसरतो. गंधाराची चढती वेळ वेगळी म्हणून कान त्याला मोटेतून बाहेर काढतो आणि स्वतंत्र स्वर म्हणून ऐकतो. स्वयंभू गंधाराच्या अनुभवात कल्पनेचा भाग नाही; तो जवारीने घडवलेला आणि कानाने वेगळा केलेला खरा नाद आहे. गवयाला त्याचा फायदा असा, की आपल्या स्वराचे उपस्वर तंबोऱ्यात मिसळले की नाही हे त्याला लगेच समजते. मिसळले तर आवाज भरून येतो, नाहीतर दोन थर वेगळे राहतात. मराठी रसिक जवारीदार गळा म्हणून गायकाची तारीफ करतात, तेव्हा त्यांना गळ्यातही हाच उघडेपणा ऐकू आलेला असतो.

सतारीच्या जवारीला आणखी एक बाजू आहे. तिथे खुली आणि बंद असे दोन पक्ष आहेत. रविशंकरांच्या सतारीची जवारी खुली, झणझणीत आणि उपस्वरांनी भरलेली. विलायत खाँसाहेबांच्या सतारीची त्या मानाने बंद, गोल, गळ्याच्या जवळ जाणारी. रेडिओवर दोन मिंडी ऐकल्या की सतार कोणत्या वळणाची आहे ते सांगणारे श्रोते या फरकावर भिस्त ठेवतात. कारागिरालाही म्हणून आधी विचारावे लागते, वाजवणार कोण आणि कसे. तंबोऱ्याचेही तसेच: पुरुषी तंबोरा मोठा आणि खालच्या पट्टीचा, बायकी तंबोरा लहान आणि चढ्या पट्टीचा, आणि दोन्हींची जवारी त्या त्या पट्टीतच काढायची. काळी एकला उत्तम बोलणारा तंबोरा काळी पाचला ओढला तर बंद होतो.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या धंद्यासमोर नवे प्रश्न आले. घोडीला पूर्वी सांबरशिंग वापरत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिंगे मिळणे बंद होत गेले आणि शिसव, इतर कठीण लाकडे, हाड, कृत्रिम पदार्थ यांच्याकडे वळावे लागले. प्रत्येक पदार्थाची झीज वेगळी आणि आवाजही वेगळा, त्यामुळे हातालाही नव्याने शिकावे लागले. भोपळ्याचे पीक घेणारेही उसापुढे कमी होत गेले. बंगळूरच्या जी. राज नारायण यांनी १९७९ साली इलेक्ट्रॉनिक तंबोरा पुढे आणला. रियाजासाठी त्याची सोय मोठी, आणि आज तर फोनमध्येही तंबोरा असतो. फरक ऐकणाऱ्याला तरीही कळतो. मुद्रित आवर्तन दर वेळी तंतोतंत सारखे येते. हाताने छेडलेल्या तंबोऱ्यात बोटाचा जोर, छेडण्याची जागा आणि दोन तारांमधला अवधी सतत किंचित बदलतो आणि उपस्वरांची वेलही त्याबरोबर हलते. म्हणून मोठ्या मैफिलीत गवयामागे आजही दोन खरे तंबोरे दिसतात. भीमसेन जोशींसारख्या गायकांनीही मिरजेचे तंबोरे नावाजले.

२०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला स्वतंत्र भौगोलिक मानांकने मिळाली. मानांकनामुळे इतर ठिकाणी बनलेले वाद्य मिरजेचे म्हणून खपवणाऱ्यांना आळा घालता येतो, आणि गावाच्या नावाला कायद्याचा आधार मिळतो. धंद्यात येणाऱ्या नव्या पिढीचा प्रश्न त्याने सुटत नाही. वाद्य घडवणारे हात तयार करता येतात. जवारी काढणारा कान तयार व्हायला मात्र अनेक वर्षे जातात, आणि त्या वर्षांत कमाई बेताचीच असते. मागणी नाही असे मात्र नाही. तारा रोज घासल्याने घोडीच्या माथ्यावर खाचा पडतात, जवारी बसते आणि नाद पुन्हा बंद होतो. नियमित वाजणाऱ्या वाद्याची जवारी म्हणून ठरावीक काळाने पुन्हा काढावीच लागते. पुण्या-मुंबईची, कर्नाटकातली आणि परदेशातलीही वाद्ये त्यासाठी मिरजेला येतात. सतारमेकर गल्लीतल्या कारागिरांच्या कामाचा मोठा भाग आज हाच आहे: दुसऱ्याच्या हातात वाढलेले वाद्य घ्यायचे, ऐकायचे आणि त्याचा आवाज पुन्हा उघडून द्यायचा.